परकराची नाडी

माझे बाबा मला सायकलला बांधून शाळेत न्यायचे.

खरंच बांधून. दोन्ही पाय, गाठ मारून.

काल दुपारी बाबा गेले. सकाळपासून फोन येतायत. जो तो म्हणतो, किती शांत माणूस होता.

होतेच. पण मला ते आठवतायत ते जिवाच्या आकांताने ओरडताना. म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकातला मनवेलपाडा. चाळीसमोर कच्चा रस्ता, रस्त्याला लागून उघडा नाला. मी बालवाडीत.

एकदा कॅरिअरवर बसले असताना माझी टाच मागच्या चाकात गेली. बटाट्याची साल निघावी तशी कातडी निघाली.

आईने त्याच दिवशी जुन्या परकराची नाडी काढली. रोज सकाळी माझे पाय कॅरिअरच्या सळ्यांना बांधायची. वर दुहेरी गाठ.

बाबा वैतागायचे. "अगं, पोरगी आहे की गॅसचा सिलिंडर?"

"सिलिंडर पडू नये म्हणून बांधता ना? मग हिलाही बांधायचं."

विषय संपला.

चाळीतल्या बाकीच्या आयांनाही आयडिया पटली. बघता बघता प्रत्येक कॅरिअरला एक नाडी लोंबायला लागली.

कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. आज विचार केला की मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मग तो जुलै.

पाऊस थांबला होता, पण पाणी ओसरलं नव्हतं. रस्ता कुठे संपतो नि नाला कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. शाळेला सुट्टी नव्हती.

बाबा सायकल हातात धरून चालत होते. मी मागे, बांधलेली. पाणी माझ्या चपलांना लागलं तेव्हा मला जाम मज्जा वाटली.

बाबा मात्र एकेक पाऊल जपून टाकत होते. एकदाच म्हणाले, "घट्ट धर गं."

आणि त्यांच्या पायाखालचा काठ खचला.

सायकल नाल्यात आडवी. सायकलीसकट मी.

काळोख आठवतो. तोंडात गेलेली माती आठवते. मी पाय ओढत होते आणि पाय येत नव्हते.

बाबांनी पाण्यात चाचपडून गाठ शोधली. ती भिजून आवळली होती, नखही शिरेना.

शेवटी त्यांनी गाठीचा नाद सोडला आणि अख्खी सायकल उचलली. मी, दप्तर, दोन्ही चाकं, सगळं डोक्यावर. माझे बाबा अंगाने काडीसारखे होते हो.

"कुणीतरी या! पोरगी बांधलेली आहे!"

मी वरून बघत होते. पाणी त्यांच्या छातीला होतं. मग गळ्याशी आलं. मग हनुवटीला.

पाणी वाढत नव्हतं. बाबा गाळात रुतत चालले होते.

खाडीकडच्या गावातून भाजी विकायला येणारी एक काकी विळा घेऊन उतरली. "पोरीला हलू देऊ नको रं, पाय कापंल!"

नाडी तुटली. लोकांनी आधी मला ओढलं, मग बाबांना.

त्या संध्याकाळी चाळीतल्या सगळ्या सायकलींच्या नाड्या निघाल्या. आई तर कितीतरी दिवस माझ्या रिबिनीलाही गाठ मारायला घाबरायची.

काल मी आयसीयूत गेले, तर बाबांचे हात कॉटला बांधलेले. नळ्या ओढतात म्हणून. सिस्टरचंही चुकलं नव्हतं, बाबांच्या भल्यासाठीच ते.

मास्कमधून बाबा म्हणाले, "सोड गं."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, ओढतील ते."

"मी धरून बसते," म्हटलं. आणि दोन्ही गाठी सोडल्या.

शेवटपर्यंत त्यांचे हात माझ्या हातात होते. एकदाही त्यांनी नळी ओढली नाही. नंतर हात सैल पडले, तरी मी धरूनच बसले होते. सिस्टरने खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आले.

बाबा, तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.

आता हात सोडते. या.