पलंगाएवढी कासारवाडी

चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालो, त्या वर्षी परदेशातून आलेल्या मुलीनं मला छोट्या रेल्वेचा सेट आणला. निळं इंजिन, थोडे डबे आणि गोल जोडायचे रूळ. ती परत गेल्यावर ताथवड्याच्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामीच होती. तिच्या पलंगावर मी प्लायवूड टाकलं आणि रूळ मांडायला बसलो.

सुरुवातीला गाडी वळणावर कलंडायची. एक सांधा किंचित वर आला होता. तो दाबून बसवला, तेव्हा कुठं तिनं पहिली फेरी पुरी केली. पडद्यातून मऊ ऊन येत होतं. इंजिन गुणगुणत फिरत होतं आणि मी गुंगीत असल्यासारखा बघत राहिलो.

बायको चहा घेऊन आली. "कुठलं गाव हे?"

"अजून ठरलं नाही. डोंगर करावा म्हणतो. एखादा बोगदा."

"कासारवाडी करा की."

तिचं माहेर कासारवाडीचं, स्टेशनाजवळ, रुळांना लागून. ते घर कधीच पाडलं गेलं. त्यानंतर ती त्याबद्दल फारसं बोलली नव्हती. आज मात्र पलंगाच्या कडेला बसून प्लायवर बोट ठेवत गेली. "इथं आमचा ओटा. इथं शेवगा. गाडी आली की आई बोलता बोलता थांबायची, आणि गाडी गेली की वाक्य तिथूनच पुढं."

बुटांच्या खोक्याचं मी घर कापलं. तिनं ते हातात फिरवून पाहिलं. "दार इकडं नव्हतं हो. रुळांकडं खिडकी होती." मी दुसरं कापलं. हिरव्या घासणीचे तुकडे तारेला चिकटवून तिनं शेवगा केला. जेवणाची वेळ टळून गेली, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घर रुळांशेजारी ठेवलं आणि गाडी सोडली. बायको वाकून त्या खिडकीतून पाहू लागली.

"मला बघायला आलात ना, तेव्हा इथूनच पाहिलं होतं तुम्हाला. गाडीतून उतरलात आणि भलत्याच बाजूला चालायला लागलात."

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. "मग हाक नाही मारलीस?"

"कशी मारणार? आणि काय म्हणून?" ती हसली. "दादांना सांगितलं, पाहुणे चुकलेत, घेऊन या."

गाडी फिरत राहिली. त्या दिवशी वाट दाखवायला आलेले दादा, माझे सासरे, मला आठवले. ते सहज भेटले असं मी समजत होतो. डोंगराचा बेत मी सोडून दिला.