रिपोर्टातल्या शब्दांचे अर्थ

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बाबा मला सोडायला आले ते ड्युटीवरूनच. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते ते. मोहल्ल्यामोहल्ल्याचे व्हॉल्व्ह उघडायचे, वेळ झाली की बंद करायचे, हे त्यांचं काम. पायजमा घोट्यापर्यंत ओला होता आणि माझी बॅग त्यांनी ओल्या हातानेच उचलली होती. माय आली नाही. घरीच भांडी घासत बसली, मी निघाले तरी मान वर केली नाही. नागपूरची गाडी आली, मी चढले, आणि बाबा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "तिथं काही समजलं नाही त विचारून घेजो. लाजू नोको."

पुण्यात मला भाषांतराच्या ऑफिसात नोकरी मिळाली होती. औषधांच्या डब्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं, ऑपरेशनआधी सही घेतात ती संमतीपत्रं, असलं इंग्रजीतून मराठीत करायचं. माझी शाळा हिंदीत झाली, इंग्रजी नागपूरला शिकले, आणि मराठी म्हणजे घरात बोलतो ती. पहिल्याच आठवड्यात मी कोणाला तरी म्हणाले, "मले हे समजून नाही राहिलं." शेजारच्या टेबलावरच्या दोघी हसल्या. वाईट मनाने नसतील हसल्या. पण त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं.

मग आमच्या सीनियर देशमुख मॅडमनी एकदा माझ्यामागे उभं राहून पाहिलं, की मी प्रत्येक शब्दासाठी फाइल बंद करून दुसरीकडे शोधतेय. त्यांनी वाकून माझा माउस हातात घेतला. शब्दावर नेला, उजवी कळ दाबली, आलेल्या यादीतून एक ओळ निवडली. कागदाच्या शेजारी एक पट्टी उघडली आणि तिच्यात त्या शब्दाचा अर्थ, साध्या इंग्रजीत. "हे इथेच असतं गं," त्या म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. ती पट्टी हसत नव्हती. तुम्ही कुठल्या, मध्य प्रदेशात मराठी बोलतात का, असं काही विचारत नव्हती. पुढची कित्येक वर्षं मी माणसांना विचारायचं ते तिला विचारलं. माझं 'मले' जाऊन 'मला' झालं, 'काऊन' जाऊन 'का' झालं. घरी फोन लावला की माय म्हणायची, "टीव्हीतल्या बाईसारखी बोलून राहिली तू."

बाबा रिटायर झाले आणि त्यानंतर त्यांचे पाय सुजायला लागले. आधी कोणी लक्ष दिलं नाही. मग नितेशने, माझ्या धाकट्या भावाने, त्यांना नागपूरला दाखवलं. डॉक्टर काय बोलले ते त्याने मायला सांगितलं, बाबांना नाही. बाबांना म्हणाला, अंगात पाणी झालंय, गोळ्यांनी उतरेल. त्याच संध्याकाळी मायचा मला फोन आला. "त्याईले सांगू नोको. हाय खातीन ते."

दोन दिवसांनी बाबांनीच मला रिपोर्टाचे फोटो पाठवले. मागोमाग फोन. "वैशाली, तू कम्प्युटरात शब्द पाहतेस ना, तसे याच्यातले पाहून सांग बेटा. हे पोट्टं काही सांगून नाही राहिलं."

मी ऑफिसात होते. नवीन फाइल उघडली आणि रिपोर्टातला एकेक शब्द त्यात टाइप केला. रीनल. क्रॉनिक. एंड स्टेज. खरं तर मला पाहायची गरज नव्हती. 'वृक्कसंबंधी', 'दीर्घकालीन', 'अंतिम टप्पा' हे शब्द मी स्वतःच किती माहितीपत्रकांत बसवले होते. तरी प्रत्येकावर माउस नेला, कळ दाबली आणि वाट पाहिली. कोण जाणे, एखादा वेगळा अर्थ निघेल. बाजूची पट्टी दर वेळी तेच सांगत राहिली. मी लिहिलेली ती घडीची पत्रकं कोणकोणत्या घरात कोणी उघडली असतील, हे इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला. मायचं ऐकायचं ठरवलं होतं. पण त्यांनी "हं, सांग" म्हटलं आणि मला खोटं जमेना.

"बाबा, दोन्ही किडन्या काम करत नाहीत."

"दुरुस्त नाही होत?"

"नाही. मशीनवर रक्त साफ करावं लागेल. नागपूरले जाऊन, दर आठवड्याले. त्यानं दिवस निघतात, पण किडनी वापस नाही येत."

कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून 'नागपूरले' निघालं होतं. बाबा म्हणाले, "बरं झालं सांगतलं. मी पाहून राहिलो होतो, तुही माय माह्यासंग इतकी गोड काऊन बोलून राहिली."

माय मात्र माझ्याशी बोलायची थांबली. फोन उचलायची, माझा आवाज ऐकला की नितेशकडे द्यायची. बाबा नागपूरला जायला लागले, दीडेक वर्ष जात राहिले. मी रजा मिळेल तशी येत होते. घरात असले तरी माय माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. पाणी तापलं. दार लाव.

बाबा गेले तेव्हा मी पुण्यातच होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली मंडळी गेली, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. माय ओट्यावर बसून होती. मी जवळ बसले, तेव्हा इतक्या महिन्यांनी ती आपण होऊन बोलली.

"तुह्या आत्याकडं गेले होते ते. लोधीखेड्याले."

आत्या दवाखान्यात येते एवढं माहीत होतं, पण आधी बाबा तिच्या दारात गेले हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्या आणि बाबा यांचं बोलणं आजी वारली तेव्हापासून बंद होतं. आजीचं दुखणं वाढलं हे बाबांनी आत्याला कळवलं नव्हतं, तिला उगाच घोर नको म्हणून. ती आली तेव्हा आजी गेलेली होती. "माह्या मायचं तोंड पाहू देलं नाही तू," एवढं बोलून ती जी गेली ती परत आमच्या दारात आली नाही.

"तुह्याशी फोनवर बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवशी नितेशले म्हणाले, मले लोधीखेड्याले ने," माय सांगत होती. "तिच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, तुले सांगाले पाहिजे होतं, माहं चुकलं. दोघंही रडले. मंग ती दर आठवड्याले त्याईच्या संग दवाखान्यात जाऊन बसे."

मी तिच्या आणखी जवळ सरकले.

"तू सांगतलं नसतं त ते गेले नसते. मी त सांगूच देलं नसतं." पदराने तिने नाक पुसलं. "पण माह्या मनातून राग गेला नाही अजून."

"नको जाऊ देऊस," मी म्हणाले.

"जेव मंग," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

तुम्ही जे पांढुर्ण्यात, सौंसरात राहिलात, आणि आपल्यातले जे माझ्यासारखे लांब गेले, तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय, कारण घरची आठवण येते का असं तुम्ही विचारता आणि मला नीट सांगता येत नाही. थकायला होतं. ऑफिसात आता पहिला मसुदा यंत्रच करून देतं, मी चुका काढते. अर्थाची पट्टी अजून उघडते, पण सवयीने. पुण्यातलं घर भाड्याचं, पांढुर्ण्यातलं भावाचं. रोज संध्याकाळी मी पांढुर्ण्याला फोन लावते. एखाद्या दिवशी माय बराच वेळ बोलते, भाजी काय केली, आत्या येऊन गेली. एखाद्या दिवशी नुसतं "नितेशसंग बोल" म्हणते आणि फोन देऊन टाकते. उचलते मात्र दोन्ही दिवशी तीच.