ब्रेकअण्णांची दुसरी धडक

ब्रेकअण्णा बायकोला पहिल्यांदा भेटले ते सायकलसकट. उतारावरून ते असे सुटले, की कोंबड्या झाडावर चढल्या, काठीवाला म्हातारा काठी टाकून पळाला आणि चौकातल्या पोलिसानं शिट्टी गिळली. शेवटी सायकल कुंपणावर, अण्णा गटारात, आणि जिला धडकले ती मुलगी होती तिथेच उभी! "ब्रेक नावाची वस्तू ऐकलीय का कधी?" एवढंच ती म्हणाली. पुढे लग्नच झालं, त्यामुळे ते रोज ऐकावं लागलं.

त्या धसक्यानं अण्णांनी विमानतळावर सामान चढवायच्या पट्ट्याची गाडी जन्मभर चालवली ती मुंगीलाही वाट देत. विमानाजवळ जाण्याआधी थांबून ब्रेक दाबून बघायचा, असा नियम. बाकीचे एकदा दाबत. अण्णा तीनदा, वर "ब्रेक!" असं स्वतःलाच दरडावत.

लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं, म्हणून त्या दुपारी बायको पहिल्यांदाच विमानात बसली. अण्णांची गाडी त्याच विमानाकडे निघाली. खिडकीत ओळखीच्या बांगड्या हलल्या. अण्णांनीही रुबाबात हात हलवला, आणि ब्रेक बघायचा राहून गेला.

टक्!

विमानाच्या पोटावर नखाएवढा पोचा. अण्णांनी चहूकडे नजर फिरवली. कुणीच पाहिलं नव्हतं. सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं तर बायको तशीच उडणार. त्यांनी गाडी जरा मागे घेतली, पट्टा सुरू केला. बॅगा चढू लागल्या. एक, आणखी एक... मग दोरीनं आवळलेली घरची निळी पेटी वर सरकू लागली, आणि अण्णांनी पट्टाच बंद केला.

"मी ठोकलंय!"

सुपरवायझर धावत आला. पोच्यावर बोट फिरवून हळूच म्हणाला, "एवढंसं? अण्णा, गप्प बसा की! नोकरी जाईल."

"आत आमची मंडळी बसलीय."

इंजिनिअर आला. आत शिरून टॉर्च मारून बघितलं. मग म्हणाला, "पत्र्यामागची आधाराची फासळी तडकलीय. उतरवा सगळ्यांना."

शिडीवरून उतरताना बायकोनं आधी पोचा पाहिला, मग अण्णांचा चेहरा.

"अहो, मलाच धडकायचं होतं, तर मध्ये एवढं मोठं विमान कशाला घातलंत?"

अण्णांचा गाडी चालवायचा परवाना त्याच संध्याकाळी रद्द झाला. बायको बसनं गेली, आणि पोचली तेव्हा नात आधीच झाली होती.