दोन प्रेस्टन

आम्ही दोघं अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. तिथल्या दातांच्या दवाखान्यात नर्सने हाक मारली, "मिस्टर प्रेस्टन!" दोन म्हातारे एकदम उठले. एक गोरा, एक काळा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीच पुढे जाईना.

आडनाव जुळलं की मूळ गाव विचारायचं, ही आपली सवय. मी कोपराने ढोसेपर्यंत ह्यांनी हसत विचारलंसुद्धा, "तुमचं मूळ गाव एकच का हो?"

गोऱ्याचे कान लाल झाले. काळा म्हातारा शांतपणे म्हणाला, "असेल. यांच्या पूर्वजांनी तिथे जमीन विकत घेतली असेल, आणि तिच्यावर राबायला माझे पूर्वज."

ह्यांचं हसू तोंडावरच राहिलं. मालकाचं आडनाव गुलामाला लागायचं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते असं समोर उभं राहील असं वाटलं नव्हतं. आणि आपल्याकडे तरी आडनाव विचारणाऱ्याला दरवेळी गावच हवं असतं का?

गोरा पुटपुटला, "यांना आधी जाऊ द्या."

"नको," काळा म्हातारा नर्सकडे बघत म्हणाला. "पूर्ण नाव वाचा. ज्याचा नंबर असेल तो जाईल."