हौदातली कुमुदिनी

परवा एका रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या टबात कुमुदिनी दिसली. पाण्यावर सपाट पसरलेली बदामाच्या आकाराची पानं आणि त्यांच्यामधून वर आलेली, झालर लावल्यासारखी चिमुकली पांढरी फुलं. वाकले, तर चिखलाचा, शेवाळाचा तो ओला वास नाकात गेला आणि मी थेट नगरच्या आमच्या परसात जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नळाला पाणी दिवसाआड, आणि आईला हौस हौदात फुलं लावायची! माहेरच्या, बेलापूरच्या ओढ्यातलं ते रोप तिनं चिखलासकट डब्यात घालून एस.टी.तून मांडीवर आणलं होतं. बाबा कोर्टात कारकून. घरातही पुराव्याशिवाय बोलत नसत. "प्यायला पाणी नाही आणि फुलाला हौद," एवढंच म्हणाले.

पुढं एका दिवाळीच्या तोंडावर आई गेली. घरात आम्ही दोघंच उरलो आणि एकमेकांशी काय बोलावं, ते दोघांनाही सुचेना. मला फार एकटं वाटायचं, पण ते जिला सांगावं तीच नव्हती. बाबांचा सगळा जीव त्या हौदात अडकला. उन्हाळ्यात पाणी तापेल म्हणून त्यांनी वर गोणपाट बांधलं, आंघोळीतलं पाणी वाचवून हौदात ओतलं. पावसाळा सरला तरी गोणपाट काही निघालं नाही. पानं येत राहिली, फूल मात्र एकही नाही. तिचं एवढंसुद्धा आपल्या हातून टिकत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

वर्षश्राद्धाला बेलापूरहून मावशी आली. हौद बघून तिनं कपाळाला हात लावला. "आवो दाजी, उन्हातलं फूल हाय ते! असं झाकून ठिवल्यावर फुलंल व्हय?"

"आणि जळलं म्हणजे?"

"न्हाई जळत. माझ्या ताईचं हाय," म्हणत तिनं गोणपाट ओढून काढलं.

नंतरच्या एका रविवारी सकाळी मी चहा टाकत होते. परसातून बाबांची हाक आली, "अगं, ऐकलंस का? फूल आलंय बघ!"

मला ते नावानं हाक मारत. 'ऐकलंस का' ही हाक आमच्या घरात फक्त आईसाठी होती. त्यांचं त्यांनाही ते कळलं असावं. मी गॅस बारीक केला आणि "आले, आले" म्हणत बाहेर गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हौदाच्या कठड्यावर थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली. ते फूल दुपारी मिटेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.

हौद केव्हाच बुजवला, बाबाही गेले. एकटीच कुठं बसले, तरी मी नकळत थोडी कडेला सरकून बसते.