काट्यावरचा पाय

आर्णीजवळच्या तांड्यावर पूनमसिंग राठोडचा काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कापूस कोणाचाही असो, वजन त्यानंच करायचं. सख्ख्या भावाच्या गाठोड्यातही त्यानं कधी पावशेर इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

पण यंदा सीतादहीला, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीला, सकाळपासूनच तो काट्याभोवती घुटमळत होता. लग्नात सासऱ्यानं, लखीरामनं, भर पंचांत बजावलं होतं, "दरसाल सीतादहीले लेकीले काट्यावर उभी करीन. वजन घटलं का घेऊन जाईन." सव्वीस वर्षं म्हातारा नेरहून न चुकता येत होता. लग्नात अठ्ठेचाळीस किलोंची असलेली त्याची बायको लालीबाई वाढत वाढत त्र्याऐंशीवर पोचली, आणि पूनमसिंग दरसाल मिशीला पीळ देत हिंडला.

मग तिला साखर निघाली. वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती एकटी चालेना, म्हणून पूनमसिंगच रोज सकाळी तिला डांबरी रस्त्यानं दोन मैल चालवू लागला. साखर आली ताब्यात, पण वजन बारा किलोंनी उतरलं. भल्या माणसानं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला! म्हातारा शब्दाचा पक्का. लालीबाई गेली तर भांडायचं कोणाशी, या विचारानं त्याचा जीव कासावीस झाला होता.

शेतात पूजेचा दहीभात शिंपडून झाला. लालीबाई काट्यावर चढली.

"चौऱ्याऐंशी!" पूनमसिंग ओरडला.

लखीरामनं लेकीच्या सैल झालेल्या बांगड्या पाहिल्या, मग खाली पाहिलं. "पूनम, काट्यावर पाय कायले ठेवला रे?"

पाय निघाला. आकडा धाडकन एकाहत्तरवर आला. वेचणाऱ्या बाया पदरात तोंड खुपसून हसू लागल्या. पूनमसिंग मात्र रडकुंडीला आला.

"मामाजी, तिची साखर वाढली म्हून मीच चालवलं तिले. नेऊ नोका. मले करमनार नाही."

"मी कुठी जातो, बापू? आता सांज होईल, वेचणी तं बाकीच हाये," लालीबाई फणकारली.

म्हातारा काठीवर रेलला. डोळे पुसून म्हणाला, "सव्वीस साल कापसात काटा मारला नाही यानं. माह्या लेकीसाठी आज मारला. पुढच्या सालपासून हिले काट्यावर चढवू नोका."