परमप्रसादाची रांग

रायपूर छत्तीसगडची नवीन राजधानी झालं आणि नवऱ्याची बदली नागपूरहून तिथल्या कार्यालयात झाली. तात्यापाऱ्यात भाड्याचं घर. आम्ही दोघं आणि सासूबाई. मी कॅथलिक, तो हिंदू, लग्न कोर्टातलं. चर्चच्या लेखी ते लग्न नव्हतंच. म्हणून रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, जायची मला मुभा होती; शेवटी फादर देतात तो पावाचा पवित्र तुकडा, ख्रिस्तशरीर, घ्यायची नव्हती.

नागपूरच्या गर्दीत कोणाच्या लक्षात यायचं नाही. इथे ते घ्यायला सगळा बाक उठायचा, माझ्यासमोरून अंग चोरून जायचा आणि कोणीतरी म्हणायचंच, "चलिए न, दीदी." मी मान हलवायची. घरी येऊन भांडी आपटायची. लहानपणापासून शिकवलं होतं की गाणी, प्रवचन, मेणबत्त्या, सगळं त्या एका घासाभोवती आहे. तो घास सोडून बाकी सगळं मी करत होते. पंगतीत बसवायचं आणि पानच वाढायचं नाही, तसं ते.

एकदा सासूबाई सोबत आल्या. मिस्सा हिंदीत होती. ख्रिस्तशरीरासाठीच्या 'परमप्रसाद' शब्दातला प्रसाद तेवढा त्यांनी ऐकला.

"काहून बसली? जा न."

"मला चालत नाही, आई."

"थांब, मी आणतो तुह्यासाठी."

मी पदर धरायच्या आत त्या रांगेत उभ्या. तीर्थ घेतात तसा उजवा तळवा त्यांनी पुढे केला. त्या कॅथलिक आहेत का असं फादरनी हळूच विचारलं, मग डोक्यावर हात ठेवून नुसता आशीर्वाद दिला. त्या लाल चेहऱ्याने परत आल्या.

रिक्षात त्यांचं सुरू झालं. "प्रसादाले कोणी नाही म्हणते काय?"

"तो तसा प्रसाद नाही, आई. तो स्वतः ख्रिस्तच असतो, खरोखरचा. आणि आमचं लग्न चर्चमध्ये झालं नाही, म्हणून मला नाही घेता येत."

"म्हंजे माह्या पोराशी लगन केलं म्हून तुले उपाशी ठेवून राहिले?"

मला राग आला तो सासूबाईंचाच.

त्यांनी मुलाच्या मागे लागून त्याला फादरकडे पाठवलं. मीही गेले. धर्म बदलायला नको, फादर म्हणाले. बिशपची परवानगी मागू, चर्चमध्ये दोन साक्षीदारांसमोर लग्नाचं वचन द्या.

"मग कोर्टातलं काय खोटं होतं?" नवरा उठलाच. बाहेर स्कूटरला किक मारत म्हणाला, "तुझ्या देवाला माझी ना नाही. पण मी दुसऱ्यांदा नवरदेव होणार नाही."

त्याचं चुकलं असंही मला म्हणता येईना, हे जास्त जाळायचं. चर्चमधलं लग्न होईतोवर मनातच ख्रिस्ताला स्वीकारत जा, असं फादरनी सांगितलं होतं. मी ते करत राहिले. भूक तशीच राहिली.

सासूबाई मात्र दर रविवारी यायला लागल्या. बाक रिकामा झाला की आम्ही दोघीच उरायचो. घरी त्या मुलाला ऐकवायच्या, "तिचं ताट तू अडवून ठेवलं." शेवटी तो वैतागला. "आईच्या कटकटीपायी करून राहिलो," म्हणत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून चर्चमध्ये आला. साक्षीदार सासूबाई आणि शेजारची एक बाई. वचन देताना त्याचा आवाज अडकला. घसा बसला होता, असं तो अजून सांगतो.

पुढच्या रविवारी मी रांगेत उभी राहिले. "ख्रीस्त का शरीर." "आमेन." पातळ, कोरडा तुकडा टाळूला चिकटला. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. वळले तर अख्ख्या बाकावर सासूबाई एकट्या.

"भेटलं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

त्या खुशीत हसल्या, आणि मी पुन्हा चिडले. जिच्या हट्टाने मी तिथवर पोचले, तिला त्यातला कणही देता येत नव्हता. मी गुडघे टेकले, पण प्रार्थना सुचेना. शेजारी त्या न कळणाऱ्या गाण्यावर टाळ्या वाजवत होत्या.